मामा तलाव, खोली: छातीपर्यंत

१२ ऑगस्ट २०११, शुक्रवार

...तर व्हिसाचा प्रॉब्लेम नाहीच. तिकडे तीस दिवस व्हिसा लागत नाही असं नेटवर दिसलं. (पेज अर्धंच लोड झालं. पण जेवढं झालं त्यात तसंच होतं.) प्रॉब्लेम फक्त पासपोर्टचा. तो काढला नाही. आणि पोहण्याचा. ते शिकलो नाही. बाकी मी रेडी आहे.

ही डायरी कीटकनाशक कंपनीची आहे, दर पानाखाली एक अळी छापलेली. मराठीत लिहून राहिलो, कारण इंग्लिशमध्ये लिहिली की धाकटी बहीण दुर्गेश्वरी वाचते आणि स्पेलिंग दुरुस्त करून ठेवते. माझं मराठी अक्षर कोणालाच लागत नाही. दहा वर्षं इंग्लिश मीडियमचा एवढा तरी फायदा.

मेन मुद्दा. पॅसिफिक महासागरात ट्रुक लगून आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने तिथे जपानची चाळीसच्या वर जहाजं बुडवली. अजून तळाला तशीच आहेत. आत ट्रक आहेत, विमानं आहेत, चिनीमातीचे कप आहेत. वरून निळं कोमट पाणी. मी टीव्हीवर पाहिलं, बावीस मिनिटं, मग लाईट गेली. त्या बावीस मिनिटांत माझं ठरलं. स्कूबा डायव्हर. रेक (म्हणजे बुडालेलं जहाज) स्पेशालिस्ट.

आज जेवताना बाबूजींना सांगितलं. बाबूजींनी विचारलं, तिथे धान होते का. मी म्हटलं नाही. मग म्हणाले, "दिवाळीपर्यंत फिर, बेटा. काही लागलं हाताला तर ठीक. नाही तर भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी राईस मिलच्या काट्यावर बसायचं. कायमचं." माय म्हणाली, समुद्रात जाऊन कायले मरतो, सालेकशाला मामाकडे जाऊन ये, तिथे नदी आहे.

म्हणजे माझ्याकडे अडीच महिने आहेत. भरपूर.

१३ ऑगस्ट, शनिवार

संकल्प. १) रोज पहाटे पाच वाजता उठणे. २) श्वास रोखण्याची प्रॅक्टिस. ३) पासपोर्ट. ४) कोणाला उलटून न बोलणे.

उठलो साडेआठला. बाकी उद्यापासून.

१६ ऑगस्ट, मंगळवार

गोंदियाला सायबर कॅफेत गेलो. डायव्हिंगचा नियम नंबर एक: बडीशिवाय पाण्यात उतरायचं नाही. बडी म्हणजे जोडीदार. तो वर बघतो, तुम्ही खाली. तुमची हवा संपली की तो त्याची देतो.

बडी कोण, हा प्रश्नच नाही. जागेश्वर. बकाराम काकाचा मुलगा. पहिलीपासूनचा दोस्त, मी कॉन्व्हेंटला गेलो तरी सुटला नाही. त्याचं शेत मामा तलावाच्या पाळीला (मातीच्या भिंतीला) लागूनच आहे, पाटाच्या पहिल्या तोंडाशी. सांगितलं तर म्हणाला, "मले का करा लागन?" मी म्हटलं, मी खाली जाईन, तू वर थांब आणि लक्ष ठेव. म्हणाला, "हे तं मी पाचवीपासून करूनच राहिलो. तू संडासात बिडी पेत होता तवा."

बडी फिक्स.

पुण्याच्या एका डायव्हिंग क्लबला ईमेल केला. चार वेळा "पॅशन" लिहिलं.

२० ऑगस्ट, शनिवार. दुपारी ४

शांतपणे लिहितो.

मनिराम आजा पाळीवर बसले होते. हे आमच्या मामा तलावाचे तुडुमवाले. (माजी मालगुजारी तलाव, 'मा' आणि 'मा', म्हणून सगळे मामा तलाव म्हणतात. यांच्या कोहळी समाजातल्या पूर्वजांनी खोदला. तुडुम म्हणजे तलावातून पाणी सोडायची दगडी पायऱ्यांची जागा. सगळ्यात खालच्या पायरीला भोक, भोकाला लाकडी खुंटा. धानाला पाणी पाहिजे तेव्हा आजा बुडी मारून खुंटा उपसतात. वय पंच्याहत्तर.) मी त्यांना ट्रुक लगूनबद्दल सांगितलं. आजा म्हणाले, "त्यात का आहे? लढाईच्या टायमाले आपल्या तलावातबी मिलिटरीची लारी बुडाली होती."

मी उडालोच.

म्हणे गोऱ्यांनी बिरसीला विमानाची धावपट्टी केली तेव्हाची गोष्ट. पावसात लॉरी पाळीवरून घसरली ती सरळ तलावात, तुडुमाच्या बाजूला. "टपबी दिसे ना, बापू. गोरा सायब पाळीवर बसून रडे. मंग माया बापानं..."

पुढचं ऐकायला मी थांबलोच नाही. जागेश्वरकडे पळत गेलो.

गोंदिया जिल्ह्यात! महायुद्धाचं रेक! आमच्या तलावात! मला पॅसिफिकला जायची गरज नाही, पॅसिफिकच इकडे येईल. डायव्हर: हेमेंद्र बिसेन. पेपर. टीव्ही. क्लब. मग ट्रुक. बाबूजी मिलच्या दारात हार घेऊन.

२१ ऑगस्ट, रविवार

दुर्गेश्वरीने माझा मूड घालवला. म्हणे, "दादा, मे महिन्यात तलाव सुकतो. त्याच जागेवर तू क्रिकेट खेळतोस. लॉरी होती तर मिडविकेटला दिसली नसती का?"

तिला गाळ काय असतो ते माहीत नाही. साठ-सत्तर वर्षांत गाळ किती चढतो? टप मिडविकेटच्या खाली असेल. मी खेळताना एकदा तिथे अडखळून पडलो होतो, हे तिला सांगितलं नाही. पुरावा योग्य वेळी बाहेर काढायचा असतो.

३० ऑगस्ट, मंगळवार

काल पोळा झाला. आज क्लबचा रिप्लाय आला. फॉर्म पाठवला आहे. चार डाइव्हचं लॉगबुक पाहिजे आणि दोनशे मीटर पोहण्याचं सर्टिफिकेट. बडीचं नाव, सही.

पोहणं आणि डायव्हिंग या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत, हे क्लबवाल्यांना कसं समजत नाही? पोहणं म्हणजे वर राहणं. मला खाली जायचं आहे. त्यात मला नॅचरल टॅलेंट आहे.

इक्विपमेंट: गॉगल (नागपूरहून, मुलांचा साइज, थोडा टोचतो). नळी, फवारणी पंपाची, नवी. वेट बेल्टच्या जागी माझी दहावीची स्कूल बॅग, छातीवर उलटी घालायची, आत मिलच्या काट्याची दोन पाच-पाच किलोची वजनं. बाबूजींना विचारलं नाही. बिझी होते.

४ सप्टेंबर, रविवार

आंगणातल्या टाक्यात डोकं बुडवून प्रॅक्टिस. पहिल्यांदा अकरा सेकंद. दुसऱ्यांदा एकोणीस. तिसऱ्यांदा मायने मागून केस धरून बाहेर काढलं, तिला वाटलं मी मेलो. म्हणजे एकोणीसच्या पुढे किती झाले असते ते कळलंच नाही. चाळीस तरी पकडू.

मिलमध्ये वजनं सापडून नाही राहिली. हमालावर ओरडले बाबूजी. बरं नाही वाटलं. पण सायन्समध्ये सॅक्रिफाइस लागतो.

१८ सप्टेंबर, रविवार

पान ठेल्यावर बोललो थोडं. बोललो म्हणजे लोकांनी विचारलं. केशोराव काका (त्यांचं शेत पाटाच्या अगदी शेपटाला, तिथे पाणी सगळ्यात शेवटी पोहोचते) म्हणाले, "हेमेंद्र, तुले पाण्याखाली किती टैम राहता येते?" मी म्हटलं, टँक असला तर पाऊण तास. "अन् टँक नसला तं?" मी म्हटलं डिपेंड्स. काका मान हलवत म्हणाले, "शिकलेला पोट्टा आहे बा."

खोटं एकही बोललो नाही. टँक असला तर कोणीही राहू शकतो.

२६ सप्टेंबर, सोमवार

पाऊस गेला. भारी (उशिरा पिकणारं) धान पोटरीवर आलं. आता शेवटचं पाणी लागतं, नाही लागलं तर दाणा भरत नाही, सगळं पोचट. आज मनिराम आजांनी नारळ फोडला, पान-सुपारी पाण्यात सोडली, बुडी मारली, खुंटा उपसला. मी मोबाइलवर टाइम घेतला. एक मिनिट आठ सेकंद. टेक्निक मात्र चुकीचं. डोळे बंद, नाक हाताने धरलेलं. कोणी शिकवलं नसेल.

पाट भरून वाहून राहिला. पाळी ठरली, पहिले बकाराम काका, मग खाली खाली, शेवटी केशोराव.

एक गोष्ट नोंद करण्यासारखी. बाहेर आल्यावर आजांनी तुडुमापाशी बांबू रोवला आणि त्याला लाल फडकं बांधलं. डायव्हर पाण्यात असला की लाल झेंडा लावायचा हा इंटरनॅशनल रूल आहे! आजांना कोणी सांगितला? त्यांनी माझ्याकडे बघून मानही हलवली. म्हणजे साइट माझ्यासाठी मार्क करून दिली. जुन्या माणसांची कदर करायला पाहिजे.

१ ऑक्टोबर, शनिवार

मनिराम आजांचं कॅम्पमध्ये मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डोळ्यावर हिरवी पट्टी. महिनाभर डोक्यावरून पाणी घ्यायचं नाही. सुभद्राबाई आजी त्यांना तलावाकडे जाऊच देऊन नाही राहिल्या.

म्हणजे सध्या गावात ॲक्टिव्ह डायव्हर मी एकटा.

३ ऑक्टोबर, सोमवार. सकाळी ११

डाइव्ह नंबर एक. झाली!

डिटेल. जागेश्वर आला नाही, त्याच्या पाण्याची पाळी झाली होती, भरलेल्या बांध्या (धानाचे वाफे) बघायच्या होत्या. म्हणाला उद्या जाऊ. उद्या म्हणे. दिवाळी काय उद्यासाठी थांबते? नियम नंबर एक मला पाठ आहे, पण नियम ट्रुकसाठी आहेत. इथे पायऱ्या आहेत.

लाल झेंडा बघून कॉन्फिडन्स आला. तुडुमाच्या पहिल्या पायरीवर पाणी गुडघ्यापर्यंत. दुसरीवर कमरेपर्यंत. तिसरीवर छातीपर्यंत. तिथे थांबून मी परिस्थितीचा अभ्यास केला.

पुष्पाबाई डोंग्यात, म्हणजे छोट्या होडीत बसून शिंगाडे तोडत होत्या. लांबूनच ओरडल्या, "काऊन रे बापू, तिथं का करून राहिला? फडकं नाही दिसत का?" मी म्हटलं दिसतं, त्याच्यासाठीच आलो. त्या कपाळावर हात मारून कायतरी बोलल्या, ऐकू आलं नाही, गॉगलचा पट्टा कानावर होता.

बॅग फार जड होत होती म्हणून छातीवरून काढून पायरीवर ठेवली. बॅगेने स्वतःच डिसेंट केला. गडप. पायाखाली पाण्याची ओढ होती, एकदम खाली खेचणारी. आमच्या तलावात करंट आहे! हे आजपर्यंत कोणी नोंदवलं नसेल.

मॅक्सिमम डेप्थ: छाती. (बॅगेची: दोन पुरुस, म्हणजे दोन माणसं बुडतील एवढी.) बॉटम टाइम: चौदा मिनिटं. रेक: दिसलं नाही, पण जाणवलं. इक्विपमेंट लॉस: एक बॅग, दहा किलो.

४ ऑक्टोबर, मंगळवार

पाटाचं पाणी कमी झालं आहे म्हणतात. हवामान.

५ ऑक्टोबर, बुधवार

पाट जवळजवळ बंद. केशोराव काकांची पाळी आली तर पाण्याची नुसती रेघ. ते पाट बघत बघत वर आले आणि जागेश्वरच्या बांध्या भरलेल्या दिसल्या. सरळ म्हणाले, यानेच पाट फोडून रातोरात पाणी घेतलं. जागेश्वर म्हणाला, नाही जी काका, माह्या पाळीत जेवढं आलं तेवढंच. काका म्हणाले, "मंग पाणी गेलं कुठं? उडून गेलं का?"

मी तिथेच होतो. पाणी कुठे गेलं याच्या शक्यता बऱ्याच असतात. जमिनीतली भेग. खेकड्यांची बिळं. भूकंपाची सूक्ष्म हालचाल. मी भेगेचा मुद्दा मांडला. कोणी ऐकलं नाही.

एक विचार मनात आला होता. तो बरोबर वाटला नाही म्हणून लिहीत नाही.

६ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा

शस्त्रपूजेत मी गॉगल ठेवला. मायने त्याला कुंकू लावलं, आता एका बाजूने सगळं लाल दिसतं.

संध्याकाळी सोनं द्यायला सगळे मारुतीपाशी. केशोराव काकांनी सगळ्यांना सोनं दिलं, जागेश्वरला नाही. त्याने हात पुढे केला होता. तसाच राहिला. काका म्हणाले, "माहं दोन एकर धान वाळून राहिलं. तुले सोनं कायचं?" मग कोणी तरी म्हटलं की चोरी करणाऱ्याची पुढची पाळी कापा. बकाराम काका उठले आणि सगळ्यांच्या समोर जागेश्वरच्या कानाखाली एक दिली. बावीस वर्षाच्या मुलाला. म्हणाले, "घेतलं असन तं सांगून टाक." जागेश्वर म्हणाला, नाही घेतलं. एवढंच.

मग त्याने माझ्याकडे पाहिलं. म्हणजे सहज. मी सकाळी-सकाळी पाळीवर असतो, मी काही पाहिलं असेल म्हणून.

मी बोलणारच होतो. पण आरती सुरू झाली.

संकल्प: उद्या सकाळी उठल्याबरोबर सांगायचं.

७ ऑक्टोबर, शुक्रवार

उठलो दहाला. घसा बसल्यासारखा वाटला. बोलणं मेडिकली योग्य नव्हतं.

८ ऑक्टोबर, शनिवार

पाळीवर मीटिंग झाली. मनिराम आजा काठी टेकत आले, हिरवी पट्टी लावून. म्हणाले, पाट फुटला नाही, मी चालून पाहिला. पाणी चोरीलाही नाही गेलं. भोकात काहीतरी बसलं आहे. कोणी तरी खाली जा लागन. मी जातो. सुभद्राबाई आजींनी त्यांचा हात धरला तो सोडलाच नाही. "डोळा फोडून घ्याचा आहे का तुमाले?"

मग केशोराव काका उठले. हात जोडले. माझ्यासमोर. म्हणाले, "हेमेंद्र बाबू, तुमी त पाऊण तास राहता."

सगळं गाव माझ्याकडे पाहून राहिलं. बाबूजीसुद्धा. बाबूजींच्या तोंडावर जे होतं ते मी आधी कधी पाहिलं नव्हतं. दहावीच्या रिझल्टलाही नाही. अभिमान.

मी म्हटलं की डायव्हिंगनंतर सरफेस इंटरव्हल घ्यावा लागतो, म्हणजे शरीरातला नायट्रोजन बाहेर यायला वेळ द्यावा लागतो. बाबूजींनी विचारलं किती वेळ. मी म्हटलं, साधारण दिवाळीपर्यंत. जागेश्वर मागे उभा होता, पहिल्यांदाच बोलला, "तीन तारखेचा नायट्रोजन आज आठ तारखेले नाही निघला का?"

म्हणजे त्याला तीन तारीख लक्षात आहे.

उद्या सकाळी आठ वाजता. ठरलं. माझ्या तोंडून "ओके" गेलं. मी पूर्ण अडकलो आहे. इकडे पाणी, तिकडे गाव, मागे मिल.

९ ऑक्टोबर, रविवार. सकाळी ६

झोप नाही. वर बिरसीचं ट्रेनिंगचं छोटं विमान फिरून राहिलं. वर जातं, गोल फिरतं, जिथून उडालं तिथेच उतरतं. रोज. शिकणाऱ्यालाही तेवढंच जमत असेल.

मनात प्लॅन एकदम क्लिअर आहे. खाली जायचं. बॅग काढायची. बॅग दूर फेकायची. वर यायचं. "दगड होता" म्हणायचं. पाणी सुटेल, जागेश्वर सुटेल, मी सुटेन. कोणालाच त्रास नाही.

९ ऑक्टोबर. दुपारी ३

लिहायचं नव्हतं. पण लॉगबुकमध्ये गॅप राहायला नको.

पाळीवर दोनशे माणूस. मायने ओवाळलं. केशोराव काकांनी माझ्या पायावर पाणी घातलं, म्हाताऱ्या माणसाने. मी गॉगल लावला. पहिली पायरी. दुसरी. तिसरी. छाती.

तिथे मी उभा राहिलो. पाय पुढे जाऊन नाही राहिला. म्हणजे मी पाठवून राहिलो, तो जाऊन नाही राहिला. चौथ्या पायरीवर शेवाळ होतं. पाच मिनिटं झाली. वरून कोणी म्हणालं, श्वास भरून राहिला असन. दहा मिनिटं. बाबूजी ओरडले, "घाई नको करू बेटा!" त्यांचा आवाज ऐकून अजूनच हलता येईना. चौदाव्या मिनिटाला मी मागे वळलो आणि म्हटलं, मला पोहता येत नाही.

मोठ्याने म्हटलं नाही. पण पाण्यावर आवाज लांब जातो.

कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

मग डोंग्यातून पुष्पाबाई आल्या. लुगड्याचा काष्टा खोचला, शिंगाड्याचा बांबू घेतला, म्हणाल्या, "बाजूले सरक, बापू." गेल्या खाली. मी मनात मोजत होतो. चाळीस. पन्नास. खालून बुडबुडे. मग पाट एकदम गरजला, पाळीच्या पलीकडे कोणी तरी ओरडलं, आलं, आलं, पाणी आलं! आणि पुष्पाबाई वर आल्या, हातात माझी बॅग. पाणी गाळत, फुगलेली. पाळीवर ठेवली तर दोन वजनं खणकन बाहेर आली.

बाबूजींनी वजनं उचलली. उलटी करून पाहिली.

बॅगेवर मी दहावीत परमनंट मार्करने नाव लिहिलं होतं, इंग्लिशमध्ये. केशोराव काकांनी विचारलं, का लिवलं आहे? सगळे दुर्गेश्वरीकडे बघायला लागले. ती खाली बघून म्हणाली, मला वाचता नाही येत. दोन वर्षं माझी इंग्लिश डायरी वाचणारी मुलगी.

शेवटी मीच वाचलं. हेमेंद्र यू. बिसेन, दहावी ब.

पुष्पाबाई पदर पिळत म्हणाल्या, "फडकं दिसत नाही का म्हून इचारलं होतं मी. खुंटा खुला असला का लाल फडकं लावतेत, जवळ जाचं नाही म्हून. पाणी माणसाले ओढते. तुह्या बॅगेच्या जागी तू बसला असता भोकात." मग मायकडे पाहून म्हणाल्या, "शाळेत नाही शिकवत का हे?"

केशोराव काका जागेश्वरकडे गेले. आपट्याची पानं कुठून आणणार तीन दिवसांनी, म्हणून त्यांनी नुसताच त्याचा हात हातात धरला. बकाराम काका खाली बघत होते. जागेश्वरने माझ्याकडे पाहिलं. दसऱ्याच्या दिवशीसारखंच. मग फावडं घेऊन पाटावर गेला, केशोराव काकांच्या शेताकडे पाणी वळवायला.

१० ऑक्टोबर, सोमवार

गावाने शिक्षा दिली नाही. मनिराम आजा म्हणाले, शिक्षा नाही, काम द्या. धान कापेपर्यंत रोज तुडुमापाशी बसायचं, फडक्यावर लक्ष ठेवायचं. पुष्पाबाईकडून पोहणं शिकायचं. पुढच्या वर्षीपासून खुंटा मी उपसायचा. "माह्यानं आता होत नाही. अन् याले तं हौस आहेच." सगळे हो म्हणाले.

म्हणजे एका अर्थाने मला अपॉइंटमेंट मिळाली. डायव्हर. परमनंट. या तलावाचा. मरेपर्यंत.

२८ ऑक्टोबर, शुक्रवार. भाऊबीज

उद्यापासून सकाळी मिल, दुपारी तुडुम. पोहण्याचे हात: अकरा. बाराव्याला बुडतो, पुष्पाबाई बांबूने वर काढतात.

दुर्गेश्वरीने ओवाळलं. मी म्हटलं, काय पाहिजे? ती म्हणाली, फॉर्म भर. पुढच्या वर्षीसाठी भर.

केशोराव काकांचं धान भरलं. पूर्ण नाही, एका कोपऱ्यात पोचट गेलं. त्या कोपऱ्यावरून मी रोज जातो. दुसरा रस्ताच नाही.

आज पाळीवर मनिराम आजांना विचारलं, लॉरीचं पुढे काय झालं. आजा म्हणाले, "तू तं अर्ध्यातूनच पळाला होता. का होईन? माया बापानं तुडुम खोललं, पाणी उतरोलं, बारा जोड्या बैल लावले, सातव्या दिवशी काढली. सायबानं खुश होऊन बिस्कुटाचा डबा देल्ला." डबा अजून आहे म्हणे. मी घरी जाऊन पाहिला. पत्र्याचा, इंग्लिश अक्षरं पुसलेली. सुभद्राबाई आजी त्यात मीठ ठेवतात. मी हातात घेतला तर म्हणाल्या, सांडू नको.

आता तुडुमापाशी बसलो आहे, फॉर्म समोर आहे. दुर्गेश्वरीने पेनही आणून दिला. खरं खरं भरून राहिलो. एकूण डाइव्ह: दोन. डेप्थ: छाती. बॉटम टाइम: चौदा अधिक चौदा. रेक: काढून नेलं, १९४३ की ४४. सापडलेली वस्तू: एक डबा, आत मीठ. पोहणं: शिकून राहिलो.

एकच रकाना राहिला. बडीचं नाव, सही.

आता पाळीवरून जागेश्वर दिसून राहिला, त्याच्या बांधीत एकटाच धान कापून राहिला. तो बोलत नाही माझ्याशी. मी बोलायला गेलो तर म्हणतो, काम आहे. पण काल मी बाराव्या हाताला बुडालो तेव्हा पुष्पाबाईंच्या आधी पाळीवर कोणी तरी धावत आलं होतं, नाकातोंडात पाणी होतं म्हणून मला नीट दिसलं नाही. वर आलो तोवर कोणी नव्हतं. पाळीवर एक विळा पडला होता.

विळा माझ्याजवळ आहे. परत द्यायला जावंच लागेल. जाताना फॉर्म घेऊन जाऊ, की आधी नुसता विळा? डायरी, तुला काय वाटतं?